दंतवैद्यक व्यवसाय आणि संसार
(आपल्या संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला ह्या प्रसंगी बोलण्याचा मान दिला, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. माझे स्वतःचे शिक्षण म्हणाल तर जुन्या भाषेत मॅट्रिक, आणि त्यावर अध्यापनाची दोन वर्षे. पाटण तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांतून अडतीस वर्षे बाराखडी आणि पाढे शिकवून मी २०१७ साली निवृत्त झालो. अशा माणसाने भावी डॉक्टरांपुढे व्याख्यान द्यावे, हे माझे मलाच काहीसे विपरीत वाटते. परंतु चिटणीसांनी मला सत्काराची यादी दाखविली. तीत ह्या वर्षी दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळविलेले पाच विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी चार मुली आहेत. चिटणीस म्हणाले, "गुरुजी, आपल्या घरात दंतवैद्य सून आहे. ह्या मुलांना पुढे काय वाढून ठेवले आहे ते आपल्याइतके कोण सांगणार?" ह्या शब्दांनी मला गर्व वाटावयास हवा होता. वाटली ती थोडी शरम. त्याचे कारण मी पुढे सांगणारच आहे.

प्रथम ह्या विद्येविषयी थोडे. आपल्या लहानपणी गावात दात दुखला की लवंग, फार झाले तर आठवडी बाजारात रस्त्याच्या कडेला पकडी मांडून बसलेला माणूस, एवढाच उपचार होता. तरी ह्या देशात दंतवैद्यकाचे शास्त्रशुद्ध शिक्षण शंभर वर्षांहून जुने आहे. डॉ. रफीउद्दीन अहमद ह्यांनी १९२० साली कलकत्त्यास हिंदुस्थानातील पहिले दंत महाविद्यालय काढले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला आणि ह्या व्यवसायाला शिस्त आली. पुढे २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंतवैद्यक आयोगाचा नवा कायदा संमत केला. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये सर्वपरिचित आहेत. खाजगी महाविद्यालये तर जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली आहेत.

महाविद्यालये वाढली ह्याचा आनंदच आहे. परंतु त्याचा दुसरा अर्थही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. मोठ्या शहरातील एखाद्या हमरस्त्याने चालू लागलात तर चार इमारतींमागे एक दाताचा दवाखाना दिसतो. पदवी हाती पडली म्हणजे दारात रुग्णांची रांग लागेल, तो काळ शहरांत तरी राहिलेला नाही. तालुक्याच्या आणि त्याखालच्या गावांत मात्र अजूनही दाढेवर हात धरून लोक तीस-चाळीस किलोमीटर एस.टी.ने जातात. कोठे बसावयाचे, हा विचार कोणती शाखा घ्यावयाची ह्या विचाराइतकाच महत्त्वाचा आहे.

आता मी गणिताचा शिक्षक असल्यामुळे एक हिशेब फळ्यावर मांडल्याप्रमाणे मांडतो. बारावी आणि नीट परीक्षा झाली तेव्हा मुलगी अठरा वर्षांची. पदवीची चार वर्षे आणि सक्तीच्या इंटर्नशिपचे एक, म्हणजे तेवीस. एम.डी.एस. करावयाचे तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीचे एखादे वर्ष आणि अभ्यासक्रमाची तीन, म्हणजे सत्तावीस. दवाखाना मांडून तो पायावर उभा राहण्यास आणखी तीन-चार वर्षे धरा, म्हणजे तिशी उलटली. हा झाला एक रकाना. शेजारी दुसरा रकाना मांडा. लग्न केव्हा, पहिले अपत्य केव्हा, त्याचे आजारपण, त्याची शाळा, सासू-सासऱ्यांचे म्हातारपण. दोन्ही रकान्यांतील वर्षे तीच आहेत. एकाच पाटीवर दोन उदाहरणे एकावर एक लिहिली तर कोणतेच वाचता येत नाही. आपल्या मुलींची नेमकी तीच अवस्था होते.

आणि येथे मी एक प्रश्न विचारतो. सत्काराच्या यादीत जो एक मुलगा आहे, त्याचीही वर्षे हीच आहेत. त्याचेही लग्न ह्याच वयात होईल, त्यालाही मूल होईल. मग "तू दवाखाना आणि घर कसे सांभाळणार?" हा प्रश्न त्याला कोणी विचारला आहे काय? त्या चौघींना मात्र तो प्रवेश मिळण्यापूर्वीच विचारला गेला असेल.

ह्या पदवीनंतरच्या वाटा कोणत्या, आणि त्या प्रत्येक वाटेवर घराला किती वेळ उरतो, हे मी सुनेकडून आणि तिच्या सहाध्यायांकडून वेळोवेळी ऐकले आहे. ते थोडक्यात सांगतो.

पहिली वाट स्वतःच्या दवाखान्याची. तीत स्वातंत्र्य आहे, पण भांडवल लागते. खुर्ची, कॉम्प्रेसर, उपकरणे निर्जंतुक करण्याचा ऑटोक्लेव्ह, क्ष-किरणाचे यंत्र, जागेची अनामत. ह्यासाठी बहुधा बँकेचे कर्ज काढावे लागते आणि हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. दुसरी वाट दुसऱ्यांच्या दवाखान्यांत ठरावीक दिवशी जाऊन काम करण्याची. तीत कर्ज नाही, परंतु प्राप्तीही बेताची. तिसरी वाट एम.डी.एस.ची. तिच्यात नऊ शाखा आहेत. वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या शाखेचे काम बहुतांशी आगाऊ वेळ ठरवून होते; जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या शाखेत अपघाताचे रुग्ण रात्री-अपरात्रीही येतात. केवळ गुणानुक्रम पाहून शाखा निवडू नये, तिचे घड्याळही पाहावे. चौथी वाट महाविद्यालयातील अध्यापनाची. तेथे वेळ निश्चित असते. मात्र त्यासाठी बहुधा एम.डी.एस. असावे लागते. पाचवी शासकीय सेवेची. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सकांची पदे असतात. ती थोडी आहेत आणि बदलीचा प्रश्न आहे, तरी रजा आणि निवृत्तीची सोय आहे. सैन्यातही १९४१ सालापासून दंतवैद्यकाचे स्वतंत्र दल आहे. शेवटची वाट परदेशाची. ह्या वाटेविषयी फार भ्रम आहेत. अमेरिकेत आपल्या पदवीवर सरळ व्यवसाय करता येत नाही. परीक्षा देऊन तेथील महाविद्यालयात बहुधा दोन-तीन वर्षे पुन्हा शिकावे लागते आणि त्याचा खर्च अफाट असतो. परदेशस्थ मुलाशी लग्न ठरविताना ह्या गोष्टीची चौकशी न केल्यामुळे पदवी कपाटात ठेवून बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

आता ह्या व्यवसायाचा स्वभाव सांगतो. कारण घरच्यांना तो ठाऊक नसतो आणि मलाही नव्हता. दंतवैद्याचे काम हे हातांचे काम आहे. दुकानाचा मालक घरी बसला तरी गुमास्ता गल्ला चालवितो. दंतवैद्य घरी बसला की त्या दिवसाची प्राप्ती शून्य, हप्ता मात्र चालूच. दुसरे असे की, दिवसभर मान वाकवून अंगठ्याएवढ्या जागेत काम करावयाचे, त्यामुळे मान आणि कंबर लवकर बोलू लागतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. नोकरदार, दुकानदार, शाळकरी मुले, सारे रुग्ण आपापली कामे आटोपून संध्याकाळी येतात. आमच्याकडे दवाखान्याच्या वेळा सकाळी दहा ते एक आणि सायंकाळी पाच ते नऊ अशा असतात. आणि पाच ते नऊ हीच घराचीही वेळ असते. मूल शाळेतून येते, त्याचा अभ्यास, देवापाशी दिवा, स्वयंपाक, जेवणे. घराला जी वेळ हवी, तीच रुग्णालाही हवी. दंतवैद्य स्त्रीच्या संसारातील खरी अडचण ह्या चार तासांची आहे.

आता माझी गोष्ट सांगतो.

२०११ साली माझ्या मुलाचे लग्न झाले. सून बी.डी.एस. आमच्या घरात पहिलीच डॉक्टर. पत्रिकेत तिच्या नावामागे 'डॉ.' छापताना मला काय वाटले असेल ते आपण जाणताच. त्याच वर्षी तिने कऱ्हाडात कर्ज काढून दवाखाना मांडला. हात हलका, बोलणे मृदू. दीड-दोन वर्षांत जम बसला. २०१३ साली नातू झाला. मुलगा बँकेत, त्यास घरी यावयास आठ वाजत. माझ्या पत्नीच्या गुडघ्यांनी त्याच सुमारास दगा दिला. सून रात्री नऊनंतर येई, तोवर पोर रडून झोपलेले असे. एके रात्री मी तिला म्हणालो, "सूनबाई, पैसा कोठे पळून जात नाही. पोराला संध्याकाळी आई हवी. सकाळचा दवाखाना पुरे." मी रागावून बोललो नव्हतो. मायेनेच बोललो होतो आणि शहाणपणाचे बोललो असे मला वाटले होते. मुलगा गप्प राहिला. तिने मान हलविली.

संध्याकाळचा दवाखाना बंद झाला. रुग्ण येत ते संध्याकाळी, त्यांनी दुसरे दार पाहिले. सकाळी दोन-चार जण येत. जागेचे भाडे आणि हप्ता पूर्वीचाच. २०१६ साली दवाखाना मिटला. खुर्ची विकावी तर मोल येईना, म्हणून ती आमच्या मागच्या पडवीत आणून ठेवली. पुढे तिच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवण्याची घरात चालच पडली. मीही माझे धोतर त्या खुर्चीवरून उचलून नेसत होतो आणि मला त्यात काही वावगे दिसत नव्हते.

२०१९ च्या जून महिन्यात नातवाला पहिलीत घातले. प्रवेशाचा अर्ज अर्थातच मी भरावयास घेतला. असे हजारो अर्ज मी भरून दिले आहेत. वडिलांचा व्यवसाय, नोकरी. आईचा व्यवसाय, ह्यापुढे माझ्या हाताने सवयीने लिहिले, 'गृहिणी'. सून चहा घेऊन आली होती. तिने अर्ज वाचला आणि शांतपणे म्हणाली, "अप्पा, माझी नोंदणी अजून चालू आहे. दंत परिषदेच्या नूतनीकरणाचे पैसे मी एकदाही चुकविलेले नाहीत." एवढेच बोलून ती आत गेली.

गृहिणी हा शब्द हलका आहे असे मी म्हणत नाही. माझ्या मातेने आणि पत्नीने तो शब्द आयुष्यभर सन्मानाने मिरविला. परंतु तो सुनेने निवडला नव्हता, मी निवडला होता. तीन वर्षे खुर्चीवर कपडे होते आणि तीन वर्षे ही मुलगी, पुन्हा कधी तरी दवाखाना उघडेल ह्या आशेवर, न बोलता ते शुल्क भरीत होती. अडतीस वर्षे मुलांना 'वाचा आणि अर्थ समजून घ्या' असे शिकविणाऱ्या मला घरातील माणसाचे मन वाचता आले नव्हते.

त्या रात्री आम्ही सारे बसलो आणि पाच ते नऊचा हिशेब नव्याने मांडला. मी निवृत्तच होतो. नातवाचा अभ्यास आणि खेळ माझ्याकडे आला. पोळ्यांना बाई लावली. वरण-भाताचा कुकर लावण्यास मी साठीत शिकलो, आणि हे ह्या सभेत सांगताना मला संकोच वाटत नाही. मुलाने रात्रीची वाढणी आणि आवराआवर पत्करली. सुनेने आपल्याच वर्गातील एका मैत्रिणीस बरोबर घेतले. तिचीही स्थिती हीच होती. एक जागा, एक खुर्ची, दोघी दंतवैद्य. तीन संध्याकाळी हिच्या, तीन तिच्या. भाडे निम्मे, हप्ता निम्मा. २०१९ च्या दिवाळीत दवाखाना पुन्हा उघडला. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा एकटीच्या खांद्यावर तो तगला नसता. दोघींच्या खांद्यांवर तगला. आज तो उत्तम चालला आहे. पण गेलेली तीन वर्षे आणि जुने रुग्ण परत आले नाहीत. ती हानी माझ्या एका प्रेमळ वाक्याची आहे.

आपण म्हणाल, हे नवे फॅड आहे. तसे नाही. अमेरिकेत ल्यूसी हॉब्ज ह्या बाईंना, केवळ स्त्री म्हणून, ओहायो राज्यातील दंत महाविद्यालयाने आधी प्रवेश नाकारला होता. त्यांनी खाजगी शिकवणीने विद्या मिळविली, व्यवसाय केला, आणि १८६६ साली त्याच महाविद्यालयाची पदवी घेतली. दंतवैद्यकाची महाविद्यालयीन पदवी मिळविणारी जगातील पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढील वर्षी त्यांचे लग्न झाले, तेव्हा पती रेल्वेच्या कामावर होते. बाईंनी पतीलाच दंतवैद्यक शिकविले आणि कॅन्सस राज्यात उभयतांनी मिळून व्यवसाय केला. दीडशे वर्षांपूर्वी एका घराला हे सुचले. पतीने पत्नीच्या व्यवसायात हात घातला, म्हणून त्याचा मान उणा झाला नाही.

कायदाही काही आधार देतो. १९६१ च्या प्रसूति-लाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच मुदत आहे. परंतु दुकाने आणि दवाखान्यांसारख्या ठिकाणी दहा माणसे कामास असतील तर हा लाभ लागू होतो. दोन-तीन माणसांच्या दवाखान्यात तो पोहोचत नाही, आणि जी स्वतःच मालक आहे तिला रजा देणार कोण? तिला रजा घरच देऊ शकते. बाळंतपणातून उठून पुन्हा कामावर जाण्याची वाटही घरच मोकळी करू शकते.

म्हणून विद्यार्थिनींनो, माझे सांगणे थोडे आहे. लग्न ठरविताना पाच ते नऊचा प्रश्न स्पष्ट विचारा. तो उद्धटपणा नव्हे. पदवीनंतर लगेच मोठे कर्ज काढू नका; एक-दोन वर्षे दुसऱ्याच्या दवाखान्यात हात बसू द्या. एकटीने करण्यापेक्षा दोघींनी मिळून खुर्ची घ्या. थांबावे लागलेच तर आठवड्यातून दोन दिवस तरी हात चालू ठेवा, आणि नोंदणी कधीही खंडित होऊ देऊ नका. विद्यार्थी मित्रा, तुलाही हेच सांगणे आहे. तुझी पत्नी कोणत्याही व्यवसायात असो, तिच्या चार तासांचा विचार हा तुझ्या अभ्यासक्रमाचाच भाग समज.

पालकांनो, 'डॉक्टर मुलगी हवी' असे आपण वधू-वर मेळाव्यात मोठ्या हौसेने लिहून देतो. पण तिने दवाखाना चालवावा ही आपली तयारी आहे, की नावामागची दोन अक्षरे तेवढी घरात आणावयाची आहेत, हे प्रत्येकाने मनाशी ठरवावे.

आणि शेवटी कार्यकारी मंडळाला तीन नम्र सूचना. एक, वधू-वर नोंदणीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: पत्नीच्या व्यवसायाच्या वेळी घरकाम व मुले कोण पाहणार? हा रकाना वराने स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा. दोन, आपला शिष्यवृत्ती निधी पदवीपाशी थांबतो. त्यातील काही रक्कम दवाखाना नव्याने उघडणाऱ्या, विशेषतः खंड पडून पुन्हा उभ्या राहणाऱ्या मुलींना बिनव्याजी द्यावी. माझ्या निवृत्तिवेतनातून त्यासाठी अकरा हजार रुपये मी आजच चिटणीसांकडे देत आहे. तीन, तालुक्याच्या गावी ज्या ज्ञातिबांधवांच्या रस्त्यावरील खोल्या रिकाम्या आहेत, त्यांची यादी करून आपल्या तरुण डॉक्टरांना ती दाखवावी.

आमच्या पडवीत आता ती खुर्ची नाही. कपड्यांसाठी आम्ही एक लाकडी घडवंची करून घेतली. ती दीड हजार रुपयांत झाली. जे काम दीड हजाराच्या घडवंचीने भागत होते, त्यासाठी आम्ही एका मुलीची पाच वर्षांची विद्या तीन वर्षे अडकवून ठेवली होती. तशी खुर्ची आपल्या कोणाच्या पडवीत असेल, तर आज घरी गेल्यावर तिच्यावरील कपडे उचलावेत, एवढीच हात जोडून विनंती करतो.

सत्कारमूर्ती विद्यार्थ्यांना माझे मनःपूर्वक आशीर्वाद.